शाळा सुटल्यावर लिहिलेली पुस्तकं

साहित्य अकादमीचा २०२५चा बालसाहित्य पुरस्कार मराठीत ‘आभाळमाया’ या कवितासंग्रहाला मिळाला. कवी नांदेडचे डॉ. सुरेश सावंत. हयात शाळेत गेलेली, मुख्याध्यापकाच्या खुर्चीतून निवृत्त झालेले. ‘जांभुळबेट’, ‘पळसपापडी’, ‘एलियन आला स्वप्नात’ ही त्यांची आधीची पुस्तकं मुलांच्या हाती होतीच. मुख्याध्यापकाला मुलांच्या कवितेसाठी पुरस्कार मिळाला याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. मुलांसाठी लिहिणारा माणूस शाळेतूनच येणार, हे मराठीनं दीडशे वर्षं गृहीतच धरलंय. दिपोटी, हेडमास्तर, ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यबाई, वसतिगृहाचे गुरुजी, कॉलेजातले प्राध्यापक अशी ही रांग लांबलचक आहे.

या रांगेत एक गंमत आहे. ही माणसं शाळेत असताना काय लिहीत होती आणि शाळा सुटल्यावर काय लिहू लागली, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की ती दिसते. खुर्चीत असताना बहुतेकांनी धडे लिहिले. गोष्टी पुढे आल्या, खुर्ची गेल्यावर. कुणी राजीनामा दिला, कुणी तुरुंगात गेलं, कुणी वयोमानानं निवृत्त झालं. अपवादही आहेत, आणि ते मजेदार आहेत.

मुळात मराठीतलं मुलांचं छापील पुस्तक जन्मालाच आलं ते शाळेच्या गरजेतून. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचं ‘बाळमित्र’ १८२८चं. मुंबई इलाख्यात शाळा निघत होत्या, त्यांना वाचायला काहीतरी द्यायचं होतं, म्हणून इंग्रजीतून भाषांतरं झाली. पुढे मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तकं तयार झाली आणि मराठी कशी लिहावी, विरामचिन्हं कुठे द्यावीत, याचाही दंडक त्यांनीच घातला. या सगळ्या कारभारात मूल म्हणजे विद्यार्थी. त्याला गोष्ट द्यायची ती औषधासारखी, मधात कालवून.

अशा काळात विनायक कोंडदेव ओक आले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या हेदवीचा १८४०चा जन्म. शिक्षक म्हणून ते सरकारी शिक्षणखात्यात शिरले आणि डेप्युटी इन्स्पेक्टरपर्यंत चढले. खेड्यापाड्यांतल्या शाळांत या पदाला ‘दिपोटी’ म्हणत, आणि दिपोटी येणार म्हटलं की पंतोजींसकट सगळी शाळा चळचळा कापे. या दिपोटीनं १८८१ साली ‘बालबोध’ हे मासिक काढलं आणि १९१४मध्ये जाईपर्यंत, म्हणजे तेहतीस वर्षं, ते चालवलं. मजकूर बहुतांशी एकटाकी. अंकाचा साचाही ठरून गेलेला: एक चरित्र, एक कविता, एक निबंध, शास्त्रीय विषयावर काहीतरी आणि थोडं किरकोळ. जगातले राजे, मुत्सद्दी, शोधक, प्रवासी यांची नावं मराठी घरांतल्या दोन पिढ्यांना पहिल्यांदा कळली ती या अंकांतून.

ओकांची भाषा सोपी, स्वच्छ, कुठेही न अडखळणारी. कोकणातल्या गरिबीत स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या माणसाची ती कमाई होती. पण ‘बालबोध’ वाचताना पाठ ताठ ठेवावीशी वाटते. प्रत्येक थोर माणसाच्या चरित्रातून काहीतरी घ्यायचं असतं, आणि काय घ्यायचं हे लेखकच सांगून टाकतो. ओकांनी मुलांसाठी आयुष्य वेचलं यात शंकाच नाही. पण त्यांच्या लेखणीतला दिपोटी कधी रजेवर गेला नाही. १९०६मध्ये वा. गो. आपटे यांनी ‘आनंद’ मासिक सुरू केलं, तेव्हा नावापासूनच सूर थोडा सैलावला.

खरा सांधा बदलला तो गुजरातेत, आणि त्यात एका मराठी प्राचार्यबाईंचा मोठा वाटा होता. वकिली सोडलेले गिजुभाई बधेका भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२०मध्ये त्यांनी बालमंदिर काढलं. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकात एक शिक्षक प्राथमिक शाळेतला चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी तो मुलांना शांततेचा खेळ शिकवायला जातो. खिडक्या बंद करून, अंधार करून मुलांना गप्प बसायला सांगतो. पोरं त्या अंधारात तऱ्हेतऱ्हेचे आवाज काढून त्याची फजिती करतात. तो मुकाट्यानं वर्ग सोडून देतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो, आणि तोच वर्ग घंटा झाली तरी उठत नाही. पुस्तकातला शिक्षक काल्पनिक आहे, पण अनुभव बधेकांचा. हा प्रसंग भारतातल्या शिक्षकांनी इतक्यांदा वाचला आहे की त्यातला मूळ धक्का आता बोथट झालाय. शिस्तीचं साधन म्हणून आणलेला खेळ फसतो आणि कसलंही साधन म्हणून न आणलेली गोष्ट चालते, हा तो धक्का.

ताराबाई मोडक त्या वेळी राजकोटला बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. त्या जागेवर बसलेल्या पहिल्या भारतीय बाई. शिक्षिका घडवण्याचं काम, मान, पगार, सगळं नीट चाललेलं. भावनगरचं काम कानावर आलं आणि १९२३मध्ये त्या प्राचार्यपद सोडून बालमंदिरात दाखल झाल्या. कॉलेजच्या प्राचार्यपदावरून थेट अडीच-तीन वर्षांच्या मुलांसोबत जमिनीवर बसणं हा त्या काळात वेडेपणाच होता. १९२६मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६मध्ये दादरला शिशुविहार, १९४५मध्ये बोर्डीचं ग्राम बालशिक्षा केंद्र आणि १९५७मध्ये सगळं बिऱ्हाड कोसबाडच्या टेकडीवर हललं. ‘शिक्षणपत्रिके’च्या मराठी आवृत्तीतून त्यांनी पालकांना आणि शिक्षकांना कान धरून समजावलं. मुलांसाठी गोष्टी, गाणी, छोटी नाटुकली लिहिली, ती मात्र कान न धरता.

बोर्डी-कोसबाडला त्यांच्यासोबत आलेल्या अनुताई वाघ पुण्याच्या हुजूरपागेत बरीच वर्षं शिकवून आल्या होत्या. शहरातली गाणी वारली मुलांपुढे म्हटली तर ती तोंडाकडे बघत राहायची. मॉन्टेसरीची महागडी साधनं आणायला पैसे नव्हते. मग शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, म्हणून अंगणवाडी. गुरं राखायला गेलेली मुलं माळावर भेटतात, म्हणून कुरणशाळा. गाण्यांत ताडी, चिंच, बोंबील, पाऊस, टेकडी आली. बालसाहित्याचे इतिहास या दोघींना शिक्षणाच्या प्रकरणात टाकून मोकळे होतात. पण मुलाच्या आसपासच्या वस्तूंतून गाणं उभं करायचं, ही रीत मराठीत पक्की व्हायला त्यांचं काम उपयोगी पडलं.

आता साने गुरुजी. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक आणि वसतिगृहाचे प्रमुख होते. मुलांच्या खोल्या झाडणं, अस्ताव्यस्त कपड्यांच्या घड्या घालणं, आजाऱ्याशी रात्र जागवणं हे सगळं त्यात आलं. याच काळात ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. रात्री मुलं झोपली की लिहायचं आणि सकाळी वाचायला ठेवायचं. वाचक पन्नास पावलांवर. कुठला मजकूर वाचला गेला, कुठल्यावर पोरं हसली, कुठला तसाच राहिला, हे न्याहारीच्या आत कळणार. याहून चांगली लेखनशाळा कुठल्या लेखकाला मिळाली असेल?

पण ‘श्यामची आई’ या वसतिगृहात लिहिली गेली नाही. १९३०मध्ये गुरुजींनी नोकरी सोडली, सत्याग्रहात उडी घेतली, धुळे आणि त्रिचनापल्लीचे तुरुंग पाहिले. पुस्तकाला सुरुवात झाली नाशिकच्या तुरुंगात, ९ फेब्रुवारी १९३३ या दिवशी, आणि १३ तारखेच्या पहाटे ते हातावेगळं झालं. पाच दिवस. इतक्या वेगाचं कारण उघड आहे: गोष्टी आधी तोंडी सांगून झालेल्या होत्या. म्हणूनच पुस्तकात प्रकरणं नाहीत, ‘रात्री’ आहेत. प्रार्थनेनंतर आश्रमातली मंडळी बसतात, श्याम बोलतो, रोज एक रात्र.

पोहायला घाबरणाऱ्या श्यामचा प्रसंग घ्या. गावची पोरं विहिरीवर निघालेली, हा माळ्यावर लपून बसलेला. आई शोधून काढते, शिंपटी घेते आणि अंगावर वळ उठेपर्यंत मारून त्याला विहिरीकडे पिटाळते. मुलगा पोहायला शिकून येतो, रुसलेला असतो. मग आईला ते वळ दिसतात आणि तिचाच जीव कासावीस होतो. भित्रेपणा वाईट, हे या प्रसंगात मुलाला कळतं ते शिंपटीमुळे, विहिरीमुळे आणि आईच्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे. गुरुजी इतर पुस्तकांत पुष्कळदा उपदेश करतात, पानंच्या पानं करतात, आणि त्यांच्यावरचा रडकेपणाचा शिक्का सगळाच खोटा नाही. पण जिथे प्रसंग दिसतो तिथे गुरुजीतला मास्तर बाजूला होतो. राज्य सरकारचा बालकादंबरीचा पुरस्कार आज त्यांच्याच नावानं दिला जातो.

याच पुस्तकावर १९५३मध्ये सिनेमा काढणारे आचार्य अत्रे म्हणजे वर म्हटलेला मजेदार अपवाद. पुण्याच्या कँप एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक. लंडनला जाऊन त्यांनी शिक्षकाची पदविका घेतली होती. शाळेच्या कारभारात बुडालेले असतानाच त्यांनी मुलांसाठी ‘गुरुदक्षिणा’सारखी नाटकं लिहिली. वाचनमालांच्या कामालाही ते भिडले. ‘अरुण’ आणि ‘नवयुग’ या वाचनमालांमधून मराठी क्रमिक पुस्तकाचं तोंडच बदललं. ‘दिनूचं बिल’ आठवणारी माणसं आजही भेटतील. आईची कामं केल्याचा हिशेब मांडून पैसे मागणारा दिनू आणि त्याला उत्तर म्हणून आईनं लिहिलेलं बिल, एवढीच ती गोष्ट. बोध ठासून भरलेला, पण तो हिशेबाच्या कागदावर येतो, मास्तरांच्या तोंडून येत नाही. क्रमिक पुस्तक मुलानं परीक्षेपुरतं न वाचता आवडीनं वाचावं, हा हट्ट एका चालू मुख्याध्यापकानं धरला आणि तडीस नेला. सिनेमाला पुढे राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. तोवर हेडमास्तरकी मागे पडून बराच काळ लोटला होता.

गुरुजी गेल्यावर प्रकाश मोहाडीकर आणि त्यांच्या सोबत्यांनी साने गुरुजी कथामाला उभी केली. शाळाशाळांतून, वाड्यांच्या चौकांतून गोष्टी सांगण्याचा हा उपक्रम. त्यातून कितीतरी शिक्षकांना सभेत उभं राहून गोष्ट सांगण्याची सवय लागली, आणि सांगता सांगता त्यांतले काही लिहू लागले. शिक्षकाचं लेखन सुधारण्याचा याहून स्वस्त मार्ग मराठीनं अजून शोधलेला नाही.

१९६१मध्ये विंदा करंदीकरांची ‘राणीची बाग’ आली आणि बालकवितेनं उपदेशाशी काडीमोडच घेतला. हे गृहस्थ कॉलेजात इंग्रजी शिकवणारे, ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणणारे, कठीण कवितेबद्दल ख्याती असलेले. मुलांसाठी मात्र ‘एकदा काय झाले’, ‘सशाचे कान’, ‘एटू लोकांचा देश’, ‘परी ग परी’ अशी एकामागून एक पुस्तकं. नोकरी चालू असताना. पण त्यांच्या वर्गात लहान मुलं कधीच नव्हती. सात-आठ वर्षांच्या पोराला पाढे पाठ करून घ्यायची, नखं तपासायची, बाकावर उभं करायची वेळ त्यांच्यावर आली नाही. त्यामुळे त्या वयाच्या वाचकाशी बोलताना हातात छडी घ्यायची सवयही लागली नव्हती. पुढे मुदतीआधी नोकरी सोडल्यावर ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ आली. भुतं आहेत, भरपूर आहेत, आणि एकही भूत मुलांना अभ्यास करायला सांगत नाही.

याच सुमारास सरकारी चौकटीत एक चांगली गोष्ट घडली. पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली ‘बालभारती’, १९६७मध्ये स्थापन झाली आणि नोव्हेंबर १९७१मध्ये तिनं ‘किशोर’ मासिक सुरू केलं. पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेनंच पाठ्यपुस्तकाबाहेरचं मासिक काढावं, हा योग दुर्मीळ. तालुक्याच्या गावातल्या शिक्षकाला मुलांसाठी लिहिलेलं पाठवायला एक पत्ता मिळाला. मजकूर साभार परत आला तर तोही धडाच.

आज मुख्याध्यापक अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतात. निरोपसमारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं आणि काही महिन्यांत लिहायला घेतलं जातं. जिल्ह्याजिल्ह्यांत अशी पुस्तकं निघताहेत, पुष्कळदा पदरमोड करून. पाचशे प्रती छापायच्या, प्रकाशन समारंभ करायचा, आप्तेष्टांना आणि जुन्या शाळांना भेट द्यायच्या. या पुस्तकांचा ढीग चाळला की दोष ओळखीचे होतात. ससा उशिरा उठतो, त्याची फजिती होते, तो सुधारतो आणि शेवटच्या ओळीत ‘म्हणून बालमित्रांनो’ येतं. भाषा सूचनावहीतली असते. दोन-तीन दशकं परिपत्रकं, अहवाल, संच मान्यतेचे तक्ते आणि पोषण आहाराचे हिशेब लिहिलेल्या हाताला ‘करण्यात आले’ सोडून ‘केलं’ लिहायला वेळ लागतो. गोष्टीतलं मूलही शाळेत आदर्श विद्यार्थी म्हणून निवडावं असं असतं.

आणि गंमत अशी की या माणसांजवळ असलेला माल दुसऱ्या कुणाजवळ नाही. दिवाळीनंतर हजेरीपटावर एकेका नावापुढे लाल शाई कशी वाढत जाते, हे ऊसतोडीच्या भागातल्या मुख्याध्यापकाला ठाऊक असतं. आईबापांबरोबर कारखान्यावर गेलेलं मूल उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतं तेव्हा त्याच्याजवळ अख्ख्या एका मुलखाच्या गोष्टी असतात, आणि त्या त्याला विचारणारं कुणी नसतं. दाखला काढायला आलेला बाप जन्मतारीख सांगताना कुठल्या पुराचा, कुठल्या दुष्काळाचा हवाला देतो, परिपाठाला रोज उशिरा येणाऱ्या मुलीनं घरी आधी काय काय आवरलेलं असतं, खिचडी शिजवणाऱ्या मावशी कुठल्या पोराला गुपचूप दुसऱ्यांदा वाढतात, शिपाईमामांच्या टेबलाखाली जप्त झालेले भोवरे आणि गोट्या कुणाकुणाच्या असतात, हे सगळं कार्यालयाच्या दारातून दिसतं. बालसाहित्यात ते फार थोडं उतरलंय.

ते उतरवण्यासाठी हात कसा हलका ठेवावा, याची उदाहरणं शाळेबाहेर सापडतात. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ किंवा ‘यश’ मालिकेतली पुस्तकं पाहावीत. चित्रंही त्यांचीच. घरातली माणसं, हट्ट, भांडणं, शेजार, एवढ्यावर पुस्तक उभं राहतं. जे चित्रात दिसतं ते शब्दांत पुन्हा सांगितलेलं नसतं. त्यांना २०१४चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि २०१६मध्ये पराग उपक्रमाचा पहिला बिग लिटल बुक पुरस्कारही. अकादमीनं हा पुरस्कार २०१०पासून द्यायला सुरुवात केली. तेव्हापासूनची मराठी यादी पाहिली तर दिलीप प्रभावळकरांसारखे नट, वनखात्यात नोकरी करणारे सलीम मुल्ला, महसूल खात्यातले आबा महाजन अशी नाना क्षेत्रांतली माणसं दिसतात. २०२३चे मानकरी एकनाथ आव्हाड मुंबई महापालिकेच्या शाळेतले शिक्षक. म्हणजे शाळेचा हक्क संपलेला नाही, फक्त मक्ता संपलाय. हे बरंच झालं. दिपोटींच्या काळात मुलांसाठी कोण लिहिणार हे पदावरून ठरायचं. आता पुस्तकावरून ठरतं.

निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहावंच. पण छापखान्याकडे जाण्याआधी हस्तलिखित घेऊन जवळच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेत, तिसरी-चौथीच्या वर्गात, दुपारच्या सुट्टीनंतरच्या तासाला जावं. आपण कोण होतो हे सांगू नये, नाहीतर मुलं उगाच हाताची घडी घालून बसतील. गोष्ट वाचून दाखवावी. जिथे दोन पोरं एकमेकांना कोपरानं ढोसतील तिथल्या ओळीवर पेन्सिलीनं खूण करावी आणि घरी येऊन ती ओळ काढून टाकावी. शेवटचा परिच्छेद तर न वाचताच काढावा. आणि लिहायला बसण्याआधी थोडं वाचावं. ‘किशोर’चे १९७१पासूनचे जुने अंक बालभारतीनं आंतरजालावर मोफत खुले केले आहेत. सुरुवात तिथून करता येईल.